वर्गात मागे, वॉर्डात शेजारी

नर्सिंगच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की होस्टेलवर दोन गट पडतात. पास झालेल्या मुली पुढच्या पोस्टिंगच्या तयारीला लागतात. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीत अडकलेल्या दोन-चार जणी मेसमध्ये उशिरा येऊ लागतात, वर्गात मागच्या बाकावर सरकतात. मग ठरलेली वाक्यं कानावर येतात. ‘तिला मुळात आवडच नाही.’ ‘झेपत नव्हतं तर ॲडमिशन घेतली कशाला?’ सेवाभाव कमी पडला असा निवाडा होतो आणि विषय मिटतो. पण तो तिथे मिटता कामा नये. एखादी मुलगी मागे पडते तेव्हा ती अडचण तिच्या एकटीची नसते. ती सगळ्या बॅचची असते आणि पुढे जाऊन रुग्णाचीही होते.

घसरण सुरू कुठे होते?

एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, तर बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसायचं तर थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत 80 टक्के हजेरी लागते. पदवी हातात पडण्याआधी मात्र क्लिनिकलचे तास 100 टक्के भरावे लागतात. नियम रास्त आहे, कारण वॉर्डातला अनुभव पुस्तकातून भरून निघत नाही. पण टायफॉइडने पंधरा दिवस गावी राहिलेल्या मुलीच्या बाजूने पाहा. परत आल्यावर मैत्रिणी परीक्षेचा अभ्यास करत असतात, तेव्हा ती बुडालेल्या ड्युट्या भरत असते. ड्युटी भरली की अभ्यास राहतो, अभ्यास राहिला की विषय अडकतो. विषय अडकला की पुढच्या सत्राच्या डोक्यावर मागच्याचं ओझं येतं.

भाषेचा अडसर वेगळाच. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला रक्ताभिसरण समजलेलं असतं, पण तीन तासांत ते इंग्रजीत लिहून काढताना तिची दमछाक होते. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री केअर प्लॅन आणि फाइली या दिनक्रमात शब्दकोश उघडायला वेळ उरत नाही. त्यातच घरून फीचा किंवा स्थळाचा फोन येतो. कुणी आपल्या हाताखालचा पहिला मृत्यू पाहिलेला असतो आणि त्याबद्दल बोलायला कुणी मिळालेलं नसतं. वर्गातल्या मोजक्या मुलांपैकी एखादा ‘ब्रदर’ तर मनातलं बोलण्याच्या बाबतीत आणखीच एकटा असतो.

जिद्द होती, सोबत नव्हती

1970च्या दशकात अमेरिकेत बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्राइझमन या गणितज्ञाला एक प्रश्न सतावत होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये इतक्या संख्येने नापास का होतात? प्राध्यापकांची उत्तरं तयार होती: इच्छा कमी, पाया कच्चा, घरचं पाठबळ नाही. ट्राइझमनने 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा दिनक्रम जवळून पाहिला. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनत घेत होते, घरच्यांनाही त्यांच्या शिक्षणाची आस होती. फरक होता तो अभ्यासाच्या रीतीत. ते एकेकटे बसून अभ्यास करत. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी आपापलं वाचून मग एकत्र बसत, एकमेकांची गणितं तपासत. त्यामुळे आपण नेमके कुठे चुकतो हे त्यांना परीक्षेच्या आधीच कळे. ट्राइझमनने मग कठीण गणितं गटाने सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि निकाल बदलले.

आपल्याकडेही सोबतीने शिकण्याची मुळं आहेत. रमाबाई रानडे यांनी 1909मध्ये उभ्या केलेल्या पुण्याच्या सेवासदनातून बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. तेव्हा पांढरपेशा समाज या कामाकडे नाक मुरडून पाहत होता. त्यांची जिद्द टिकली, कारण पाठीशी संस्था होती आणि बरोबर सोबतिणी होत्या.

नर्सिंगमध्ये हे जास्त का महत्त्वाचं?

नर्सिंग हे हातात हात देऊन चालणारं काम आहे. सकाळच्या सिस्टरने सोडलेला रुग्ण दुपारची सिस्टर घेते, तिच्याकडून रात्रीची. आज मागच्या बाकावर बसलेली मुलगी उद्या तुमच्या आधीच्या शिफ्टला असणार आहे.

इन्सुलिनचंच उदाहरण घ्या. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या कुप्या मिळतात आणि 100 युनिटच्याही. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: 40ची लाल टोपणाची, 100ची केशरी. 100च्या कुपीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20च्या खुणेपर्यंत भरलं, तर रुग्णाच्या अंगात 20 नव्हे, 50 युनिट जातात. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हे गणित जिला कळलेलं नाही तिला कुणीतरी वेळीच समजावून सांगायला हवं.

मदत कोणती आणि पांघरूण कोणतं

इथेच वर्गमैत्रिणींच्या निष्ठेची खरी कसोटी आहे. फाइल उतरवायला देणं, न मोजलेला बीपी 120/80 असा लिहिलेला पाहून गप्प राहणं, तिच्या नावावर हजेरी लावणं याला मदत म्हणत नाहीत. त्यातून मैत्रीण पुढे ढकलली जाते आणि किंमत रुग्ण मोजतो. रुग्णासाठी धोकादायक ठरेल अशा अवस्थेत कुणालाही पास करू नये, हेही तितकंच खरं.

खरी मदत खाटेजवळ होते. एकाच रुग्णाचा बीपी दोघींनी वेगवेगळा मोजून आकडे ताडून पाहावेत. 500 मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचं आणि सेट मिलिलिटरला 20 थेंबांचा असेल, तर मिनिटाला साधारण 42 थेंब कसे येतात हे तिला करून दाखवायला सांगावं, आपण सांगू नये. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006मध्ये दाखवून दिलं की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहिलेला मजकूर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. शिकवणारीचाही विषय त्यातून पक्का होतो, म्हणून या मदतीत कुणाचा वेळ वाया जात नाही.

मैत्रिणीची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगण्याला कंटाळल्याचं ती बोलत असेल, तर मात्र ते गुपित ठेवू नये. विश्वासातल्या मॅडमना किंवा वॉर्डनना लगेच सांगावं. टेली-मानसची 14416 ही हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.

कॉलेजांनी काय करावं?

सगळा भार विशीतल्या मुलींवर टाकून चालणार नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलने एका शिक्षकामागे दहा विद्यार्थी हे प्रमाण ठरवलं आहे. ते कागदावर न ठेवता प्रत्येक शिक्षकाने आपल्या दहा जणांना नावानिशी सांभाळावं. सत्राच्या निकालाची वाट न पाहता पहिल्या इंटर्नलनंतरच बोलावून विचारावं. पहिल्या सत्रात इंग्रजी लेखनाचा तास रोजच्या वेळापत्रकात असावा. आजारपणात बुडालेल्या ड्युट्या परीक्षेच्या तोंडावर न लावता सुट्टीत विभागून द्याव्यात. आणि पूर्ण विचार करून एखादीने दुसरी वाट धरली, तर तिला नापासाचा शिक्का न मारता सन्मानाने निरोप द्यावा.

रुग्णाची शुश्रूषा करायला शिकणाऱ्या वर्गाने शेजारच्या बाकावरची ओढाताण ओळखायला शिकणं हा त्याच अभ्यासाचा भाग आहे. तुमच्या बॅचमध्ये या सत्रात कोण मागे पडलं आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पुढच्या इंटर्नलच्या आधी तिच्याबरोबर एक तास बसा.