बँकॉकला जाताय? 20 बाटच्या तिकिटात अयुथ्थया पाहून या

टूरवाल्याने अयुथ्थयाच्या सहलीचा दर सांगितला आणि आम्ही चौघे मित्र एकमेकांकडे बघू लागलो. मग रेल्वेचं तिकीट पाहिलं. थर्ड क्लासला माणशी साधारण 20 बाट, म्हणजे साठेक रुपये!

साध्या गाड्या हुआ लाम्फोंग या जुन्या स्टेशनवरून सुटतात. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या 2023 मध्ये नव्या स्टेशनवर गेल्या, तेव्हा आधी स्टेशन नीट बघा. आरक्षण नाही, एसी नाही. सुमारे 80 किलोमीटरला दीड-दोन तास लागतात.

अयोध्येवरून नाव पडलेली ही राजधानी 1350 मध्ये वसली आणि 1767 मध्ये बर्मी सैन्याने ती उद्ध्वस्त केली. 1991 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत गुंतलेलं बुद्धाचं शिर दिसतं. तिथे फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं शिराच्या वर जाऊ द्यायचं नाही.

आमचं चुकलं ते पुढे. होडीने नदी ओलांडून आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या. स्वस्त म्हणून. दुपारी एकच्या उन्हात एका मित्राला गरगरायला लागलं. तासभर त्याला सावलीत बसवलं, पाणी पाजलं, मग टुकटुक केली. भाडं चौघांत वाटल्यावर सायकलीपेक्षा थोडंच जास्त पडलं. पण वेळ गेला होता, नदीपलीकडचं वाट चायवत्थनाराम राहिलंच.

बचत रेल्वेत करा, उन्हात नको. आणि परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या टिपून घ्या. आम्ही उभ्यानेच बँकॉक गाठलं.