सेडमची फांदी: आधी सुकवा, मग लावा

दुपारची आवराआवर करून रेडिओ लावला असेल, तर हातातलं निवडणं-टिपणं चालू ठेवा आणि ऐका. आज मी गटाच्या वहीबद्दल आणि हप्त्यांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय कुंडीतल्या एका झाडाबद्दल. हिशेब त्यातही येणारच म्हणा, कारण या झाडापायी आमच्या गटातल्या एका वहिनींचे पाच हजार रुपये अडकले होते. आणि पैशांपेक्षा वाईट म्हणजे त्यांच्या हाताला नाव ठेवलं गेलं होतं.

झाडाचं नाव सेडम. नाव नवीन वाटेल, पण झाड तुम्ही पाहिलेलं आहे. नर्सरीत टांगलेल्या कुंड्यांतून जाड, रसरशीत पानांच्या माळा लोंबत असतात ना, तेच. पिवळसर बारीक पानांचं असतं त्याला गोल्डन सेडम म्हणतात. पानं शेंगदाण्याएवढी आणि टोकाला लालसर असली की जेली बीन. आणि वेणीसारखं लांब लोंबतं ते डाँकी टेल, म्हणजे गाढवाचं शेपूट. (विकताना मी त्याला वेणीच म्हणते.) हे वेणीवालं झाड मूळचं मेक्सिकोतलं, तिथल्या खडकांच्या कपारीतून लोंबत वाढणारं. आपल्या परड्यातली पानफुटी याच्याच कुळातली आहे, हे ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

तर झालं असं. गेल्या वर्षी वहिनींनी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. पुण्याजवळ सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनकडं नर्सऱ्या आहेत, तिथून सेडमच्या पंचवीस कुंड्या आणल्या. छोट्या रिकाम्या कुंड्या घेतल्या, टेम्पोचं भाडं दिलं. दिवाळीला भेट द्यायला कुंड्या हव्यात असं तालुक्यातल्या एका दुकानदारानं तोंडी सांगितलं होतं. आषाढ लागला, पाऊस सुरू झाला, आणि वहिनींनी एका दिवसात दीडशेवर फांद्या कापून त्याच दिवशी लावल्या. काळी माती, भरपूर शेणखत, अंगणात उघड्यावर. शिवाय पाऊस उघडला की सकाळ-संध्याकाळ पाणी.

आठव्या दिवशी देठ तपकिरी झाले. दहाव्या दिवशी फांद्या आडव्या, हात लावला तर चिकट, वास मारणाऱ्या. सासूबाईंनी विचारलं, "लावताना बाजूला बसायचे दिवस होते का गं?" होते. झालं. घरात ठरलं की पाळीत शिवल्यामुळं रोपं जळाली. शेजारणी म्हणाल्या, हिच्या हाताला गुण नाही. वहिनी पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. मला वाटलं हप्ता थकला म्हणून तोंड चुकवतात. घरी गेले तेव्हा खरं काय ते कळलं.

त्या दिवशी पडवीत एक सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. त्यात लावायच्या राहून गेलेल्या काही फांद्या तशाच पडल्या होत्या. माती नाही, पाणी नाही, पंधरा-वीस दिवस कुणाचं लक्ष नाही. उचलून पाहिलं तर त्यांना खालून पांढरी-गुलाबी बारीक मुळं फुटलेली. जपलेली कुजली आणि विसरलेली जगली. आता हात तर दोन्हीकडं वहिनींचाच होता, दिवसही तोच होता.

मग फरक कुठं पडला? मी बीए केलंय ते मराठी घेऊन, शेतीशाळेत नाही. पण त्यानंतर विचारत गेले, वाचत गेले, आणि समजलं ते सांगते.

आपण बोटाला कापलं तर बोट पाण्यात बुडवून बसत नाही. खपली धरू देतो. सेडमची फांदी कापली की तिलाही जखमच होते. ती जखम ओल्या मातीत खुपसली की मातीतली बुरशी आणि जिवाणू आत शिरतात, आणि आत तर नुसता रस भरलेला. मग कुजायला कितीसा वेळ लागणार? तीच फांदी सावलीत दोन-चार दिवस ठेवली की कापलेलं तोंड सुकतं, त्यावर पांढुरकी खपली येते, दार बंद होतं. मग मुळं निघतात ती त्या खपलीच्या आसपासून आणि जिथली पानं काढली त्या पेरांपासून.

तुम्ही म्हणाल, जास्वंदीची, गुलाबाची फांदी तर आपण कापली की लगेच लावतो आणि ओली ठेवतो. बरोबर आहे, आणि वहिनींनी तेच केलं. त्यांचं चुकलं असं म्हणायलासुद्धा मला जड जातं, कारण आषाढात फांद्या लावायच्या हे आपल्या आई-आज्यांनी शिकवलंय आणि त्या झाडांसाठी ते खरंच आहे. जास्वंदीचं पान पातळ. फांदी तुटली की ते वाळायला लागतं, म्हणून तिला पाऊस, ओलावा, दमट हवा लागते. सेडमची शिदोरी तिच्या पानातच असते. मुळं फुटेपर्यंत ती त्या पाण्यावर आरामात जगते. तिला वरून पाणी पाजणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा पाटावर बसवणं.

हे पाणी इतके दिवस टिकतं कसं, त्यालाही कारण आहे. बहुतेक झाडं दिवसा पानावरची बारीक छिद्रं उघडून हवा घेतात, आणि त्याच वेळी उन्हानं त्यांचं पाणी उडून जातं. सेडम, पानफुटी ही मंडळी ऊन सरल्यावर, रात्री गारव्यात छिद्रं उघडतात. रात्री घेतलेली हवा आंबट रसाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून तिच्यावर अन्न करतात. बेंजामिन हेन नावाचा वनस्पतींचा अभ्यासक दोनशे वर्षांपूर्वी आपल्या देशात राहत होता. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं, असं त्यानं पत्रात लिहून कळवलं, आणि ते १८१५ साली लंडनमध्ये छापून आलं. तुम्ही चाखून बघा असं मी मुळीच सांगत नाही. शेळीलाही पानफुटी घालू नका, जनावरांना ती विषारी ठरू शकते.

आता करायचं कसं ते.

वेळ आधी. दसरा झाला, पाऊस सरला की सुरुवात करा, माघापर्यंत चालतं. मोबाइलवरच्या परदेशी व्हिडिओत उन्हाळ्यात लावा म्हणतात, ते त्यांच्याकडं ठीक. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात कोवळ्या फांद्या भाजून निघतात, आणि पावसाळ्यात काय होतं ते ऐकलंतच.

फांदी निरोगी घ्या, फूल न आलेली, चार बोटं लांब. गोल्डन सेडमची दोन बोटंही पुरते. कात्री किंवा ब्लेड स्वच्छ पुसून घ्या. खालच्या एका पेराएवढ्या भागातली पानं अलगद काढा, पण ती टाकू नका. मग फांद्या सुपात किंवा कागदावर पसरून पडवीत ठेवा, जिथं वारा आहे पण ऊन नाही. बारीक देठाला दोन दिवस पुरतात, जाड देठाला चार-पाच. पानं जराशी सुरकुतली तर घाबरू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र बांधून ठेवू नका, आत घाम धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

माती हा आमच्या भागातला खरा अडथळा. आमच्याकडं कृष्णाकाठची काळी माती. उसाला सोनं आहे, पण सेडमला फास. पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. म्हणून मापं अशी धरा: एक वाटी माती, एक वाटी जाड वाळू, एक वाटी विटेचा चुरा किंवा बारीक मुरूम, आणि वर मूठभर पूर्ण कुजलेलं जुनं शेणखत. क्रशरची कच मिळत असेल तर चाळून धूळ काढून तीही चालते. कुंडीला खाली भोक पाहिजेच. फुटका कप, तेलाचा डबा, काहीही घ्या, पण भोक पाडा. भरल्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा. लगेच खालून ठिबकायला लागलं तर माती जमली. वर तळं साचलं तर आणखी वाळू घाला आणि ती कुंडी कोरडी होऊ द्या.

मग काडीनं भोक पाडून फांदी एक पेर आत ठेवा आणि माती हलकेच दाबा. लगेच पाणी नाही. इथंच आपला हात राहत नाही, मला माहीत आहे. माझाही राहत नव्हता. लावलं की पाणी घालायचं ही सवय हाडात मुरलेली असते. पण तीन-चार दिवस थांबा. त्यानंतर माती ओलावेल इतकंच पाणी, आणि पुन्हा पाणी कधी द्यायचं ते बोट सांगेल: एक पेर बोट मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच द्या. थंडीत आठवड्यातून एकदा पुरतं.

कुंड्या उजेडात ठेवा, सकाळचं कोवळं ऊन लागलं तर उत्तम. दोन ते चार आठवड्यांत मुळं धरतात. उपटून बघू नका. फांदी दोन बोटांत धरून हलकेच वर ओढा, तिनं धरून ठेवलं तर समजा रुजली. मग हळूहळू जास्त उन्हाकडं न्या, एकदम नाही. कायम अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर देठ लांबट होतात, पानं विरळ पडतात, झाड फिकं दिसतं. असं झाड कुणी विकत घेत नाही.

काढलेली पानं टाकू नका म्हटलं, ते यासाठी. जेली बीन आणि वेणीवाल्या सेडमचं अख्खं पान, बुडखा न तुटता निघालेलं, कोरड्या मातीवर नुसतं पसरून ठेवा. काही आठवड्यांत बुडाशी केसासारखी मुळं आणि मोहरीएवढं रोप दिसतं. कुंडीत शोभेल एवढं व्हायला मात्र कित्येक महिने लागतात, म्हणून धंदा फांदीवर करा आणि पानं हौसेला ठेवा. वेणीवालं झाड उचलताना धक्का लागला तरी पानं झडतात. रागवू नका, ती सगळी रोपंच आहेत.

पांढरा कापसासारखा मिलीबग पानांच्या बेचक्यात दिसला तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा, आणि ती कुंडी चार दिवस वेगळी ठेवा. पावसाळ्यात सगळ्या कुंड्या पडवीत आत घ्या, पागोळ्यांखाली नको.

तर वहिनींकडं परत येते. सासूबाईंशी वाद घालायला मी गेले नाही. दसऱ्यानंतर आम्ही त्यांच्याच पडवीत दोन ट्रे लावले, वीस-वीस फांद्यांचे. एकात ताज्या कापून लगेच लावलेल्या, रोज पाणी. दुसऱ्यात तीन दिवस सुकवलेल्या, बोट घालून पाणी. माती दोन्हीकडं सारखी, हात वहिनींचा. दिवाळीला मोजल्या. पहिल्यात सहा उरल्या, दुसऱ्यात अठरा. सासूबाईंनी स्वतः मोजल्या, दोनदा. लावायच्या दिवशी आपली पाळी चालू होती, हे वहिनींनी मला सांगितलं नव्हतं. मोजून झाल्यावर, सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठून चहा ठेवला.

दिवाळीची मागणी तर हुकली होतीच. पण आईकुंड्या जिवंत होत्या. फांदी कापली की कापलेल्या जागेखालून नवे फुटवे येतात, त्यामुळं त्या आधीपेक्षा भरगच्च झाल्या होत्या. दिवाळीनंतर वहिनींनी एका कुंडीत तीन फांद्या अशा हिशेबानं पुन्हा लावल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून एकशे वीस कुंड्या गेल्या, चाळीस रुपयांना एक. माती, कुंडी, ने-आण धरून खर्च अठरा रुपये पडला. म्हणजे हातात राहिले दोन हजार सहाशे चाळीस. कर्ज पूर्ण फिटलेलं नाही, दोन हप्ते बाकी आहेत, पण एकही थकलेला नाही. आणि यंदा तोंडी मागणीवर माल करायचा नाही, निम्मी रक्कम आधी घ्यायची, हा ठराव गटाच्या वहीत लिहिलाय.

ज्यांना सुरुवातीला फांद्या हव्यात, त्यांनी दसऱ्यानंतरच्या कुठल्याही मंगळवारी आमच्या बैठकीला या. वहिनी स्वतः कापून देतात. येताना सूप नाहीतर जुनं वर्तमानपत्र आणा, प्लॅस्टिकची पिशवी आणलीत तर त्या फांदी देत नाहीत.