आवाज बसला की घर बसतं

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की आमच्या ओपीडीत एक ओळखीचा पेशंट दिसू लागतो. गळ्यात निळा रुमाल, डोळे लाल, हातात पाण्याची बाटली. बोलायला तोंड उघडलं की आवाजाऐवजी नुसती हवा येते. मग सोबतचा ढोलकीवालाच बोलतो, "सिस्टर, जयभीम. दादांचा आवाज बसलाय. परवा कार्यक्रम आहे, सुपारी घेतलेली आहे. एक सुई मारा, फक्त दोन रात्री निघाल्या पाहिजेत."

मी पालिकेच्या एका रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात परिचारिका आहे, आणि गायकाची मुलगी आहे. आमचे अण्णा दिवसा नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करायचे आणि रात्री गायन पार्टीत मुख्य गायक असायचे. जयंती म्हणजे नवे कपडे, निळे झेंडे आणि घरात अण्णा नसणं, एवढंच मला लहानपणी ठाऊक होतं. एप्रिल-मेमध्ये ते पहाटे येऊन झोपायचे आणि आई आम्हाला हळू बोलायला लावायची. म्हणून ती सुई मागणाऱ्या माणसावर मला रागावता येत नाही. तो का मागतो, ते मला माहीत आहे.

आपल्या गायकाचं वर्ष सारखं नसतं. १ जानेवारीचं भीमा कोरेगाव, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, ७ फेब्रुवारीची रमाई जयंती, अशी सुरुवात होते. खरा हंगाम ११ एप्रिलपासून. १४ तारखेची जयंती गावोगाव, वस्तीवस्तीत पुढे मेअखेरपर्यंत चालते, कारण सगळ्यांनाच एका रात्री गायक कुठून मिळणार? मध्ये बुद्धपौर्णिमा. पाऊस लागला की सगळं थंड. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन असतं, पण गायन पार्टीला काम नसतं. नंतर धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर. म्हणजे जे काही कमवायचं, त्यातलं मोठं माप त्या पन्नास-साठ रात्रींत भरायचं असतं. त्यातली एक रात्र सोडणं म्हणजे पावसाळ्यातल्या एका महिन्याचं रेशन सोडणं.

लोकांना वाटतं, गायकाला भरपूर मिळतं. हिशेब करून बघू. समजा पार्टीला २५,००० ठरले. गाडी आणि डिझेल ६,०००. कीबोर्डवाला ३,०००, ढोलकी २,५००, पॅड २,०००, बेंजो २,०००, कोरसची दोन माणसं ३,०००. तारीख मिळवून देणाऱ्याचे २,५००. हातात राहिले ४,०००. त्यातून कपडे, रियाजाची जागा, औषध. तेही समितीनं पूर्ण पैसे दिले तर. "उरलेले उद्या वर्गणी गोळा झाली की देतो" हे वाक्य अण्णांच्या वहीत इतक्या वेळा लिहिलेलं आहे, की शेवटी शेवटी ते नुसतं "उ.उ." लिहायचे. बक्षिसाच्या नोटा पडतात हे खरं, पण बक्षिसावर घर चालत नाही.

एका हंगामात अण्णांनी ओळीनं चौदा रात्री गायलं. पंधराव्या दिवशी आवाज गेला. एका गावात कुणीतरी त्यांना सुई टोचली, आणि तासाभरात आवाज खुला झाला. सगळे खूष. रात्री दुरंगी सामना होता, समोरची पार्टी तयारीची. मध्यरात्रीच्या सुमाराला वरची पट्टी लावताना गळ्यात काहीतरी तटकन झालं, असं ते सांगायचे. त्यानंतर त्यांचा वरचा आवाज कधीच परत आला नाही. पुढची सात वर्षं अण्णा त्याच पार्टीत झील धरून उभे राहिले, आणि पुढे माइकवर त्यांनीच तयार केलेला पोरगा गायचा.

तेव्हा काय झालं असावं, ते मला नोकरीत आल्यावर कळलं. आपल्या श्वासनळीच्या तोंडाशी दोन नाजूक पडदे असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. बोलताना-गाताना ते एकमेकांवर आपटतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला शंभरहून जास्त वेळा, बाईच्या आवाजात दोनशेच्या आसपास, आणि वरच्या पट्टीत त्याहून कितीतरी जास्त. तीन तास गाणाऱ्या माणसाच्या गळ्यात किती टाळ्या वाजल्या, त्याचा विचार करा. हात भाजेपर्यंत टाळ्या वाजवल्या की हाताला सूज येते, तशी त्या पडद्यांना येते. सूज आली की ते नीट मिटत नाहीत, हवा निसटते, आवाज फाटतो. ती सुई बहुतेक वेळा स्टेरॉइडची असते. तिनं सूज तात्पुरती उतरते, पण दुखावलेला भाग दुखावलेलाच राहतो. आपल्याला वाटतं बरं झालं, आणि आपण त्यावर पूर्ण जोर लावतो. अशा वेळी पडद्यातली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. दुखण्याच्या काही गोळ्यांनीही रक्त लवकर वाहतं. सुई कधी द्यायची आणि त्यानंतर किती गायचं, हे गळा आतून बघितलेल्या डॉक्टरनंच ठरवायचं असतं. गाडीत बसल्या बसल्या टोचून घ्यायची ती गोष्ट नाही.

आता खडीसाखर, ज्येष्ठमध, लवंग, कंकोळ. ही सगळी मंडळी गायकाच्या खिशात असतात. मी त्यांच्या विरोधात नाही, घसा ओला राहतो, बरं वाटतं. पण आपण जे गिळतो ते अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतू श्वासनळीत असतात. मिठाच्या गुळण्याही तिथवर पोचत नाहीत. त्या पडद्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर प्यायलेल्या पाण्यातून आणि साध्या गरम पाण्याच्या वाफेतून. वाफेच्या पाण्यात बाम टाकू नका. लघवीचा रंग फिका असेल तर पाणी पुरेसं आहे, गडद पिवळा असेल तर मंचावर चढण्याआधीच गळा कोरडा आहे, असं समजा. चहा आणि दारू हे पाणी नव्हे. "दोन घोट घेतले की आवाज मोकळा होतो," हे मी अनेकांकडून ऐकलं. मोकळं होतं ते दुखणं कळायचं भान.

कार्यक्रमात गाणाऱ्या बाया मात्र पाणी पीतच नाहीत, आणि त्याचं कारण कुणी विचारत नाही. कार्यक्रमाच्या जागी संडास नसतो. संध्याकाळी पाचला घरातून निघालेली बाई पहाटे तीनला घरी पोचते, मधले दहा तास ती लघवी धरून असते. एकीकडे गळा सुकतो, दुसरीकडे लघवीच्या जागी जळजळ आणि ताप. समितीनं मंडपाशेजारच्या एका घरात सांगून ठेवलं तर हा प्रश्न सुटतो. त्याला वर्गणी लागत नाही.

तसाच प्रश्न वेळेचा. पत्रिकेवर सात वाजताची वेळ असते. आधी वंदना, मग सत्कार, मग पाहुणे. पाहुण्यांची भाषणं संपता संपत नाहीत (सगळ्यांत लांब भाषण करणारा सगळ्यांत आधी निघून जातो, हा माझा अनुभव आहे). गायक सहापासून उपाशीपोटी मंडपामागे बसलेला असतो. साडेदहाला माइक हातात येतो, आणि पोलीस तर दहालाच येऊन उभे राहतात. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. वर्षातले फार तर १५ दिवस सरकार तो १२ पर्यंत वाढवून देऊ शकतं. मग गळा न तापवता, घाईघाईत, वरच्या पट्टीतलं गाणं पहिलंच घ्यावं लागतं. थंड इंजिन एकदम पळवल्यासारखं ते आहे. आधी पंधरा मिनिटं ओठ मिटून गुणगुणणं, खालच्या सुरापासून हळूहळू वर जाणं, एवढं झालं तरी गळ्याचा मार निम्मा होतो, असं मी अण्णांकडून आणि नंतर डॉक्टरांकडूनही ऐकलं.

आणखी एक गोष्ट साउंडवाल्याला सांगायची. मोठे बॉक्स लोकांकडे तोंड करून असतात, गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. माणसाला स्वतःचं ऐकू आलं नाही की तो नकळत ओरडतो, हा शरीराचा धर्म आहे. गायकाकडे तोंड करून एक लहान स्पीकर ठेवला, तर तो कमी जोरात गातो आणि जास्त सुरात गातो. सुपारी ठरवतानाच ही अट घालावी.

गळ्याची काळजी निदान बोलली तरी जाते, कानाची कुणीच करत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो, असं धरतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बॉक्सशेजारी बसणारा पॅडवाला आणि ढोलकीवाला रात्रभर त्याहून जास्त झेलतात. कार्यक्रमानंतर कानात शीळ वाजते, दुसऱ्या दिवशी ती थांबते, आपण विसरतो. काही वर्षांनी ती थांबत नाही. कानाची ही नस एकदा मेली की पुन्हा येत नाही. कापसाचा बोळा फारसा उपयोगाचा नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग अगदी स्वस्तात मिळतात. ते पिळून, कान वर ओढून आत बसवले की ताल ऐकू येतो, मार कमी होतो. मिरवणुकीत डीजेपुढे लहान बाळाला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या बापांनाही हे सांगायचं आहे.

कार्यक्रम संपल्यावर रात्री दोनला मटणाचा रस्सा असतो, प्रेमानं वाढलेला. तो खाऊन लगेच गाडीत आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येऊन थेट स्वरतंतूंना भाजतं. छातीत जळजळ नसली तरी सकाळी घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, सारखं खाकरावं लागतं, त्याचं कारण पुष्कळदा हे असतं. जेवण कार्यक्रमाआधी दोन-तीन तास मागून घ्या, नंतर हलकं काहीतरी. आणि ड्रायव्हर झोपलेला नसेल तर निघू नका, विहारात पडा. माहितीतली एक पार्टी पहाटेच्या वेळी रस्त्यावरच संपली.

लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. "असं मरण भाग्याचं," असं पुष्कळ कलावंत म्हणतात. मला ते पटत नाही. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक गायकानं मार्च महिन्यात, हंगामाआधी, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात त्याला जेमतेम अर्धा दिवस जातो.

तंबाखू, मिश्री आणि २०१२ पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा यांबद्दल एवढंच सांगते: आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर तो जागरणाचा नाही, असं धरून चाला आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. तंबाखू खाणाऱ्यानं तर तीन आठवडेही थांबू नये. स्वरतंतूच्या कॅन्सरची पहिली खूण बहुधा आवाजच असतो, आणि तिथेच पकडला तर तो बरा होतो. नाकातून बारीक नळी घालून गळा बघतात, पाच मिनिटांचं काम आहे, भरती व्हावं लागत नाही. बहुतेकांना गाठी निघतात त्या साध्या, आणि त्या आवाजाला विश्रांती देऊन आणि गळ्याचे व्यायाम करून पुष्कळदा ऑपरेशनशिवाय विरतात. विश्रांती म्हणजे न बोलणं. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानंही गळ्यावर ताण येतो.

कागदांचं राहिलं. ई-श्रम कार्ड १६ ते ५९ वयापर्यंत फुकट निघतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणतं रुग्णालय बसतं, ते आजारी पडण्याआधी बघून ठेवा. आणि ज्येष्ठ कलावंतांना सरकारी मानधन आहे, आता त्याला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. वय ५० आणि कलेतली १५ वर्षं पूर्ण लागतात, उत्पन्नाची मर्यादा आहे, गावाकडे चौकशी पंचायत समितीत करावी. तिथे पुरावा मागतात. अण्णांना ते मानधन मिळालं, कारण आईनं एका पत्र्याच्या पेटीत सगळ्या जयंत्यांची हँडबिलं जपली होती. घरात गाणारं माणूस असेल तर आजपासून अशी पेटी करा.

सुई मागायला आलेल्या त्या दादांना डॉक्टरांनी नळी घालून पडद्यावर त्यांचाच गळा दाखवला. दोन्ही स्वरतंतू लालबुंद, कडेला तांदळाच्या कणीएवढ्या दोन गाठी. ढोलकीवाला बराच वेळ बघत राहिला. मग बाहेर जाऊन त्यानं दोन फोन केले: एक दुसऱ्या गायकाला, एक समितीला. ॲडव्हान्स अर्धा परत करावा लागला. दादा अठरा दिवसांनी पुन्हा आले तेव्हा हळू, पण आवाजात बोलत होते. पिशवीतून त्यांनी पुढच्या एप्रिलचं हातानं आखलेलं कॅलेंडर काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"सिस्टर, यात किती रात्री मोकळ्या सोडू, तेवढ्यावर खूण करून द्या."