चारचौघांत शिकायची गोष्ट

घरात मराठी, शेजारी उर्दू किंवा कोकणी, बाजारात कन्नड आणि शाळेत आईबापांनी निवडलेलं माध्यम. अळणावरच्या मुलाला दहा वर्षांचं होईपर्यंत एवढ्या भाषांतून वाट काढावी लागते. हुबळी-लोंढा मार्गावरचं हे जंक्शन. दांडेलीकडचा फाटा इथूनच फुटतो. रेल्वे, लाकडाचा व्यापार आणि जंगलकाम यांनी इथं माणसं आणली नि प्रत्येकानं आपली बोली सोबत आणली. बहुतेक पोरं या भाषांतून बिनघोर उड्या मारतात. काहींना मात्र ते जमत नाही.

अशा मुलांसाठी आपल्याकडे विशेषणांची कमी नाही. मुखदुर्बळ, घुमा, एककल्ली, थोडा मोठा झाला की माणूसघाणा. याच अडचणीची दुसरी बाजू दंगेखोर असते. खेळात शिरायचं कसं हे कळत नाही म्हणून बॉल पळवणारा, हरलं की पट उधळणारा, चेष्टा आणि अपमान यांतला फरक न समजल्यामुळे हात उगारणारा. त्याला ‘आगाऊ’ म्हणून वर्गाबाहेर काढतात. गप्प मुलाला तर कुणी काढत नाही, कारण तो कुणाला त्रासच देत नाही. दोघांना एकच गोष्ट येत नसते: बरोबरीच्या मुलांत वावरणं.

घरचा उपाय ठरलेला असतो. ‘बोल की रे काकांशी’, ‘त्या शेजारच्या पोरीकडं बघ’, ‘तोंडात मूग गिळलेस काय?’ उपदेशानं हे कौशल्य येत नाही, कारण उपदेश करणारा मोठा असतो आणि मूल अडतं ते बरोबरीच्यांत. सरावही बरोबरीच्यांतच व्हायला हवा. मुलांच्या गट-उपचाराचा पाया हाच आहे.

आधी भाषा तपासा, मग कान

गटात घालण्याआधी मूल नेमकं कुठं नि कोणत्या भाषेत गप्प आहे, हे बघायला हवं. मराठी बोलणाऱ्या घरातलं पोर कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या वर्गात पहिले काही महिने तोंड उघडत नसेल, तर ते बहुधा भाषा कानात साठवत असतं. घरी भरभरून बोलणारं आणि शाळेत महिनोन्‌महिने चकार शब्द न काढणारं मूल वेगळं. मानसोपचारात या निवडक अबोलपणाचं निदान करताना दोन अटी पाळतात: शाळेचा पहिला महिना धरायचा नाही, आणि निव्वळ भाषा येत नाही म्हणून आलेला अबोला त्यात मोजायचा नाही. आपल्या सीमाभागात दुसरी अट फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे दुर्लक्ष झालं, तर निरोगी मुलावर आजाराचा शिक्का बसतो किंवा खऱ्या अडचणीवर ‘कन्नड येत नाही हो त्याला’ असं पांघरूण पडतं.

कानही तपासून घ्यावेत. कमी ऐकू येणारं मूल वर्षानुवर्षं ‘घुमं’ म्हणून वावरतं. त्यानंतर स्वमग्नता, अतिचंचलता, तोतरेपणा, लोकांसमोरची भीती यांचा विचार येतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. मित्र जोडता न येणं हा स्वतः काही आजार नव्हे. पण अशा अनेक विकारांत ती अडचण असते, आणि कसलाही विकार नसलेल्या मुलांतही असते.

क्षयरोग्यांच्या वर्गापासून

गटानं एकमेकांना बरं करायचं ही कल्पना आली ती फुप्फुसाच्या रोगातून. १९०५मध्ये बोस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅट यांनी आरोग्यधामाचा खर्च न झेपणाऱ्या गरीब क्षयरोग्यांचा आठवड्याचा ‘वर्ग’ सुरू केला. विश्रांती, मोकळी हवा नि रोजच्या नोंदी शिकवणं एवढाच हेतू होता. पण एकाचं वजन वाढलेलं पाहून दुसऱ्याला उमेद येते, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे याकोब मोरेनो यांनी माणसांना आपापले प्रसंग नाटकासारखे करून दाखवायला लावलं. मुलांसाठी वाट काढली सॅम्युअल स्लाव्हसन यांनी. पेशानं अभियंता असलेल्या या गृहस्थांनी १९३४मध्ये न्यूयॉर्कमध्ये मुलांचे छोटे गट जमवले. लाकूड, रंग, हत्यारं आणि खाऊ पुढ्यात ठेवायचा, आपण कमीत कमी मध्ये पडायचं. भांडण, वाटणी, समेट हे सगळं मुलांनीच करायचं.

१९६१मध्ये अल्बर्ट बंडुरा यांनी एक प्रयोग केला. मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी, संधी मिळताच, बाहुलीला तसंच बडवलं. पाहून वाईट उचलता येतं, तर चांगलंही उचलता येईल. या विचारावर अर्नोल्ड गोल्डस्टाइन यांनी १९७०च्या दशकात चार पायऱ्या बसवल्या: करून दाखवणं, करून बघणं, त्यावर इतरांनी बोलणं आणि ते बाहेरच्या जगात नेणं. आजचे बहुतेक गट याच पायऱ्यांवर उभे आहेत.

तासाभरात काय होतं?

साधारणपणे सहा ते आठ मुलं, वयात दोन-तीन वर्षांहून जास्त अंतर नाही, आठवड्यातून एकदा तास-दीड तास, तीन-चार महिने. गट भरवण्याआधी प्रत्येक मुलाशी आणि पालकांशी स्वतंत्र बोलणं होतं. पहिल्या दिवशी नियम ठरतात, शक्यतो मुलांच्याच तोंडून: इथलं इथंच ठेवायचं, कुणी बोलताना हसायचं नाही, नको वाटलं तर ‘आज नाही’ म्हणायची मुभा.

दर वेळी एकच कौशल्य घेतात. समजा, चाललेल्या खेळात शिरायचं आहे. दोन शिक्षक आधी ते चुकीचं करून दाखवतात: एकजण धावत येतो, ‘मी पण, मी पण’ ओरडतो, बॉल हिसकावतो. पोरं खिदळतात, आणि काय चुकलं ते लगेच सांगतात. दुसऱ्याची चूक शोधायला कुणाला आवडत नाही? मग तेच नीट करून दाखवायचं. जवळ जाऊन थोडं बघायचं, कोण कोणाच्या बाजूनं आहे ते समजून घ्यायचं, डाव थांबायची वाट पाहायची, कमी गडी असलेल्या बाजूला विचारायचं. आणि ‘नाही’ म्हणाले तर मुकाट बाजूला व्हायचं, उद्या पुन्हा बघायचं. ही शेवटची पायरी सर्वांत अवघड. नकार मिळूनही जग बुडत नाही, याचा अनुभव गटात सुरक्षितपणे घेता येतो.

त्यानंतर जोड्या लावून सराव. मुलं एकमेकांना सांगतात: ‘तू हळू बोललास, मला ऐकूच आलं नाही.’ हेच वाक्य आईनं म्हटलं असतं तर कटकट वाटली असती. बरोबरीच्या पोराकडून आलं की ते लागू पडतं. शेवटी खेळ, खाऊ आणि गृहपाठ: या आठवड्यात एकदा कुणाकडून तरी वही मागून आणायची.

किशोरवयात विषय बदलतात. चिडवणं घ्या. ‘लक्ष देऊ नको’ हा आपला परंपरागत सल्ला फारसा चालत नाही; गप्प बसलेल्याला आणखी चिडवतात. लॉस एंजेलिसमध्ये एलिझाबेथ लॉगसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी बांधलेल्या ‘पीअर्स’ कार्यक्रमात अशा वेळी छोटं, थंड उत्तर देऊन निघून जायला शिकवतात. आपल्याकडे ते ‘बरं, मग?’ असेल; अळणावरात कन्नडमधून चिडवलं गेलं तर ‘आतु बिडु’ म्हणता यायला हवं. मारहाण किंवा सततचा छळ असेल, तर मात्र ते मुलावर न टाकता मोठ्यांनी मध्ये पडायचं असतं.

सगळी मुलं बोलण्यातून शिकत नाहीत. डॅनियल लगॉफ यांनी २००४मध्ये स्वमग्न मुलांसाठी ठोकळ्यांची पद्धत मांडली. तिघांचा गट: एकजण नकाशा वाचून सांगणार, दुसरा ठोकळा शोधून देणार, तिसरा बसवणार. दुसऱ्याशी बोलल्याखेरीज ठोकळ्यांची गाडी पुरी होतच नाही. मग बोलावंच लागतं, आणि कशाबद्दल बोलावं हा प्रश्नही उरत नाही.

वर्गात आलं, मधल्या सुट्टीत अडलं

शाळेत ‘जीवनकौशल्यां’चा तास असताना वेगळा गट कशाला, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर कर्नाटकातच मिळतं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांमार्फत चालणारा जीवनकौशल्य कार्यक्रम तयार केला. श्रीकला भरत आणि किशोर कुमार यांनी २०१०मध्ये त्याचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. कार्यक्रम घेतलेली ६०५ मुलं आणि न घेतलेली ४२३ यांची तुलना होती. वर्षभरानंतर पहिल्या मुलांचा आत्मसन्मान, अडचणींना तोंड देण्याचा विश्वास, शाळेशी आणि शिक्षकांशी जुळवून घेणं हे सारं सरस होतं. पण सवंगड्यांशी जुळवून घेण्यात दोन्हींत फरक दिसला नाही.

म्हणून त्या तासाला कमी लेखायचं कारण नाही. अख्ख्या शाळेपर्यंत पोहोचणारं दुसरं साधन आज आपल्याजवळ नाही. पण भरलेल्या वर्गातून मैत्रीचा सराव होत नाही. त्याला लहान गट लागतो. पण लहान गटांतही एक दुवा कच्चा राहतो. खोलीत जमलेलं मैदानावर जमेलच असं नाही. म्हणून ‘पीअर्स’मध्ये मुलांचा वर्ग चालू असताना शेजारच्या खोलीत पालकांचा वर्ग भरतो. मुलाला मित्र कुठं भेटू शकतील, घरी बोलावल्यावर आपण कधी खोलीबाहेर जायचं, हे त्यांना शिकवतात.

गट चुकला तर

गटाचं बळ दुधारी आहे. थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये दाखवलं, की बेशिस्त वागणाऱ्या किशोरांनाच एकत्र केलं तर ते एकमेकांच्या उनाडकीला हसून दाद देतात आणि वागणं बिघडू शकतं. दंगेखोर, भिडस्त आणि मध्यम अशी मिसळ लागते, आणि सावध शिक्षक लागतो.

दुसरा धोका अतिउत्साहाचा. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक. स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळत नाही, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही, असं त्यांनी २०१२मध्ये मांडलं. मुलाला बळजबरीनं डोळ्यांत बघायला लावून ‘नॉर्मल’ दिसायला शिकवणारा गट त्याला दमवतो. एकटीनं चित्र काढण्यात रमणाऱ्या मुलीला दहा मैत्रिणी नको असतील, तर एक पुरे.

धारवाड, ठाणे, पुणे

अळणावरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर धारवाडचं मनोरुग्णालय आहे. मुंबई इलाख्याच्या काळात, १८४५मध्ये त्याची सुरुवात झाली; आज ती डिम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञानाची संस्था आहे. ‘वेड्यांचं इस्पितळ’ ही जुनी धास्ती अजून पालकांचे पाय मागे ओढते. खरं तर मुलाच्या तपासणीसाठी तिथं जाण्यात कमीपणा कसला? ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांकही २०२२पासून आहे.

मराठीत हे काम घडवणाऱ्यांत ठाण्याची ‘आयपीएच’ ही संस्था येते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये ती सुरू केली आणि मनाच्या आरोग्याची भाषा घराघरांत नेली. पुण्यात १९८६पासून रुजलेलं ग्रिप्सचं बालनाट्य मोहन आगाशे यांनी जर्मनीहून आणलं. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. या नाटकांत मोठे नट मुलांच्या भूमिका करतात आणि मुलांची भांडणं, भीती, रुसवे मुलांच्याच नजरेतून मांडतात. तो उपचार नव्हे, पण ‘करून दाखवणं’ ही पहिली पायरी त्यात नक्की आहे.

अळणावरसारख्या गावात उपचाराचा गट उद्या उभा राहणार नाही. सरावाची जागा मात्र उभी करता येते. गणेशोत्सवाच्या मंडळात गप्प मुलाला भाषण द्यायला लावू नका. वर्गणीच्या नोंदी ठेवणाऱ्या तिघांत त्याला घ्या: एक लिहील, एक मोजेल, एक पावती देईल. शिक्षकांनी प्रकल्पासाठी गट मुलांना निवडू देऊ नयेत, स्वतः पाडावेत. नाहीतर तीच दोघं दर वेळी उरतात. गट दोन भाषांचा असेल तर उत्तमच. मराठीत मागे राहणारा कन्नडमध्ये पुढे असू शकतो, आणि त्याला आधार देण्याची पाळी कधी तरी मिळायलाच हवी.

शहरात गट मिळालाच, तर पैसे भरण्याआधी विचारा: मुलं किती, वयं काय, आधी मुलाला भेटणार का, चालवणाऱ्याचं शिक्षण काय, कोणत्या भाषेत चालेल, आणि आम्हाला काय करावं लागेल? शेवटच्या प्रश्नाला ‘काही नाही, मुलाला सोडून जा’ असं उत्तर आलं, तर दुसरा गट शोधा.

फायदा झाला की नाही हे स्नेहसंमेलनातल्या टाळ्यांवरून ठरवू नये. मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाल्ला, हे अधूनमधून सहज विचारावं. उत्तरात एकच नाव वारंवार येऊ लागलं, तरी तीन-चार महिन्यांचं चीज झालं.