शिक्का नसलेली चांदी

कापडबाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या रायपूरच्या पंडरीत गळ्यातला एखादा जुना सुता, हातातली पिळाची ऐंठी किंवा कमरेची करधन दिसली, तर शिक्का शोधत बसू नका. विश्वासावर घडवलेल्या या छत्तीसगढी दागिन्यांवर तो सहसा नसतो. नाण्यांची रुपियामाळ मात्र बोलकी! १९३९पर्यंतच्या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी, १९४०-४५च्या रुपयात निम्मीच. १९४७चा तर निकेलचा, चुंबकाला चिकटणारा. पण चुंबकावर फार विसंबू नये, जर्मन सिल्व्हरही सहसा चिकटत नाही आणि त्यात चांदी फक्त नावात असते. नव्या हॉलमार्क दागिन्यावर बीआयएसचे चिन्ह, ८०० किंवा ९२५सारखा शुद्धतेचा आकडा आणि सप्टेंबर २०२५पासून सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक म्हणजे एचयूआयडी असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.