टाळे लावणारे मालक, वाटा मागणारे खेळाडू

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळाडू आणि संघमालक यांचे भांडण दोनच गोष्टींवरून होत आले आहे. खेळातून येणाऱ्या पैशात कोणाचा वाटा किती, ही पहिली. आणि खेळाडूने कोणत्या संघाकडून खेळायचे हे कोणी ठरवायचे, ही दुसरी. एनबीए या तिथल्या लीगचे वेतनाचे नियम आज इतके किचकट आहेत की प्रत्येक संघाला ते समजावून सांगणारे वकील पदरी ठेवावे लागतात. त्यांतील बहुतेक नियम कोणत्या ना कोणत्या भांडणानंतर झालेल्या तडजोडीत जन्मले आहेत.

लीगची सुरुवात 1946 मध्ये झाली. तिचे संस्थापक मुख्यतः आइस हॉकीच्या मोठ्या सभागृहांचे मालक होते. हॉकी नसलेल्या रात्री सभागृह रिकामे राहू नये, हा त्यांचा हिशेब होता. खेळाडू म्हणजे त्या रात्रीचा कार्यक्रम सादर करणारी माणसे, इतकेच त्यांच्या लेखी होते. पगार असे की हंगाम संपला की अनेकांना दुसरी नोकरी धरावी लागे.

1954 मध्ये बॉस्टन सेल्टिक्सच्या बॉब कूझी या नामवंत खेळाडूने प्रत्येक संघातील एकेका जाणत्या खेळाडूला पत्र लिहिले आणि संघटना उभी करायला घेतली. फोर्ट वेन संघ सोडून सगळीकडून होकार आला. फोर्ट वेनच्या मालकाचा पिस्टनचा कारखाना होता आणि त्याला कामगार संघटनेचे वावडे होते. कूझीच्या मागण्या आज वाचल्या तर त्यांचा साधेपणा मनाला लागतो. बंद पडलेल्या बाल्टिमोर संघातील खेळाडूंचा थकलेला पगार द्या. प्रदर्शनीय सामन्यांना मर्यादा घाला. आणि पंच सामना चालू असताना जो 15 डॉलरचा ‘कुजबुजीचा दंड’ ठोठावतात, तो बंद करा. लीगने संघटनेला मान्यता द्यायला 1957 उजाडले.

खरी कसोटी 14 जानेवारी 1964 ला लागली. त्या रात्री बॉस्टन गार्डनमध्ये ऑल-स्टार सामना होता आणि तो रात्रीच्या मुख्य वेळेत देशभर दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार होता. बाहेर हिमवादळ चालू होते, अनेक खेळाडू कसेबसे पोहोचले होते. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मालक वर्षानुवर्षे पुढे ढकलत होते. संघटनेचा अध्यक्ष टॉम हाइनसोन आणि वकील लॅरी फ्लायशर यांनी ठरवले की आश्वासन पदरात पडल्याशिवाय कोणी मैदानात उतरायचे नाही. बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर असे त्या काळचे सगळे मोठे खेळाडू एका ड्रेसिंग रूममध्ये दार लावून बसले. लेकर्स संघाच्या मालकाने आपले खेळाडू बेलर आणि वेस्ट यांना बाहेर येण्याचा निरोप धाडला. दोघे जागचे हलले नाहीत. प्रक्षेपण सुरू व्हायची वेळ अगदी तोंडावर आली, तेव्हा लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी निवृत्तिवेतनाचा शब्द दिला. सामना थोडा उशिरा सुरू झाला आणि रॉबर्टसन त्यात सर्वोत्तम ठरला. पुढच्या साऱ्या वाटाघाटींचे बळ त्या बंद खोलीत तयार झाले. सामना हातातून गेला असता तर सर्वांत जास्त गमावणारे हेच खेळाडू होते, आणि तेच पुढे उभे राहिले. ही योजना 1965 पूर्वी निवृत्त झालेल्यांना मात्र लागू झाली नाही. ज्यांनी संघटना उभी केली त्या पिढीला आपल्या हक्कासाठी पुढे अनेक वर्षे झगडावे लागले.

दुसरा प्रश्न खेळाडूच्या मोकळिकीचा. एनबीएत आयपीएलसारखा लिलाव नसतो. महाविद्यालयातून येणाऱ्या नव्या खेळाडूंना संघ क्रमाने निवडतात, याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. त्या काळी ज्याने निवडले त्याच्याशीच करार करायचा, आणि करार संपला तरी तो आणखी एका वर्षासाठी वाढवण्याचा अधिकार संघाकडे. म्हणजे खेळाडू कायमचा बांधलेला. 1967 मध्ये एबीए ही दुसरी लीग निघाली आणि खेळाडूंना प्रथमच दुसरे दार मिळाले, पगार वाढू लागले. तेव्हा मालकांनी दोन्ही लीगच्या विलीनीकरणाचा घाट घातला. संघटनेचा अध्यक्ष झालेल्या रॉबर्टसनने 1970 मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला आणि विलीनीकरण सहा वर्षे अडवून धरले. 1976 च्या तडजोडीत खेळाडूला बांधून ठेवणारे कलम गेले, तेव्हाच एबीएचे चार संघ एनबीएत आले. करार संपल्यावर पूर्णपणे मोकळे होण्याचा हक्क मात्र 1988 पर्यंत लांबला.

मधल्या काळात लीगचीच प्रकृती बिघडली. 1980 च्या सुमारास अनेक संघ तोट्यात होते. 1983 मध्ये फ्लायशर आणि लीगचे कार्यकारी उपाध्यक्ष डेव्हिड स्टर्न यांनी जो करार घडवला तो अमेरिकी क्रीडाविश्वात नवा होता. उत्पन्नाचा 53 टक्के वाटा खेळाडूंना मिळेल अशी हमी, आणि त्या बदल्यात प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा, म्हणजे ‘सॅलरी कॅप’. 1984-85 च्या हंगामात ही मर्यादा 36 लाख डॉलर होती. ती पक्की नव्हती. स्वतःचा खेळाडू राखायचा असेल तर संघाला ती ओलांडता येई. बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून या सवलतीला ‘बर्ड सवलत’ हे नाव पडले. उत्पन्नाच्या वाट्याचे तत्त्व एकदा मान्य झाल्यावर भांडण टक्क्यांवर आले. उत्पन्नात काय मोजायचे आणि किती टक्के द्यायचे, हा तेव्हापासूनचा मुख्य मुद्दा आहे.

मालकांचे हत्यार आहे ‘लॉकआउट’, म्हणजे टाळेबंदी. हा शब्द ऐकला की हल्ली करोनाचा काळ आठवतो. पण इथे त्याचा अर्थ गिरणगावाला ठाऊक असलेलाच आहे: मालकाने दाराला कुलूप घालून कामगाराला बाहेर ठेवणे. एनबीएत टाळेबंदी बहुधा 1 जुलैला सुरू होते, त्यामागे कारण आहे. करार 30 जूनला संपतात आणि उन्हाळ्यात सामने नसल्याने मालकांचे नुकसान अल्प असते. करार नसताना हंगाम सुरू होऊ दिला, तर खेळाडू पगार घेऊन ऐन बाद फेरीच्या तोंडावर, मालकांच्या खऱ्या कमाईच्या दिवसांत, संप पुकारू शकतात. ती वेळ येऊ नये म्हणून मालक आधीच दार लावून घेतात. खेळाडूंचा पगार थांबतो, संघाची व्यायामशाळा बंद होते, प्रशिक्षकांना खेळाडूंशी बोलायलाही मनाई असते. 2011 मध्ये तर लीगच्या संकेतस्थळावरून सर्व विद्यमान खेळाडूंची छायाचित्रे एका रात्रीत काढून टाकली गेली.

पहिली टाळेबंदी 1995 ची. तिच्यात एकही सामना बुडाला नाही. 1998 ची मात्र 204 दिवस चालली. ठिणगी होती 21 वर्षांच्या केव्हिन गार्नेटचा करार: सहा वर्षांचे 12 कोटी 60 लाख डॉलर. खेळाडूंचा वाटा 57 टक्क्यांवर गेल्याची तक्रार करत मालकांनी करार मोडीत काढला. टाळेबंदीतही करारातील पगार मिळावा, हा खेळाडूंचा दावा लवादाने फेटाळला आणि महिन्यामागून महिना पगाराविना जाऊ लागला. तेव्हा संघटनेतली जुनी फट उघडी पडली. मूठभर ताऱ्यांना वैयक्तिक पगारावर कमाल मर्यादा नको होती. शेकडो सामान्य खेळाडूंना हंगाम हवा होता. एनबीएतील सरासरी कारकीर्द पाच वर्षांच्या आतच संपते, त्यामुळे वाया गेलेले एक वर्ष म्हणजे आयुष्याच्या कमाईचा मोठा तुकडा. 6 जानेवारी 1999 ला करार 179 विरुद्ध 5 मतांनी संमत झाला. ताऱ्यांचा पगार 90 लाख ते 1 कोटी 40 लाख डॉलर यांदरम्यान अडवला गेला, तर मधल्या फळीसाठी नव्या सवलती आल्या. मालकांनी ताऱ्यांवर लगाम घातला, आणि संघटनेतील बहुसंख्यांनी तो मान्य केला, कारण तो त्यांच्या गळ्यात नव्हता. हंगाम 82 ऐवजी 50 सामन्यांचा झाला.

2011 मध्ये मालकांनी वर्षाला 30 कोटी डॉलर तोटा होत असल्याचे सांगितले. संघटनेला तो हिशेब पटला नाही. लीगचे उत्पन्न सुमारे 400 कोटी डॉलर होते, म्हणजे एकेका टक्क्याची किंमत सुमारे 4 कोटी डॉलर. नोव्हेंबरमध्ये बोलणी फिसकटली तेव्हा खेळाडूंनी स्वतःची संघटनाच विसर्जित केली. वरवर पाहता ही आत्महत्या वाटते, पण त्यामागे कायद्याची बारीक गाठ आहे. अमेरिकेत संघटनेशी सामूहिक वाटाघाटी चालू असेपर्यंत लीगला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण मिळते. संघटना नाहीशी झाली की ते कवच गळते आणि खेळाडू न्यायालयात जाऊ शकतात. तसे खटले दाखलही झाले, आणि 26 नोव्हेंबरच्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये तडजोड झाली. खेळाडूंचा वाटा 57 वरून 49 ते 51 टक्क्यांवर आला. 161 दिवसांची टाळेबंदी उठली आणि नाताळच्या दिवशी 66 सामन्यांचा हंगाम सुरू झाला. प्रत्येक संघाचे 16, म्हणजे एकूण 240 सामने बुडाले. त्या 240 रात्रींची मजुरी सभागृहात तिकिटे तपासणाऱ्यांची, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची, गाड्या लावून घेणाऱ्यांची, साफसफाई करणाऱ्यांचीही होती. वाटाघाटीच्या टेबलाशी त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती, आणि नव्या करारात त्यांची भरपाई नव्हती. या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी लिहिले जाते.

त्यानंतर पैसा इतका वाढला की कुलूप लावणे कोणालाच परवडेनासे झाले. 2014 मध्ये प्रक्षेपणाचा नऊ वर्षांचा 2,400 कोटी डॉलरचा करार झाला आणि 2016 मध्ये संघाची वेतनमर्यादा एका झटक्यात 7 कोटींवरून 9 कोटी 41 लाख डॉलरवर गेली. 2025 पासूनच्या अकरा वर्षांच्या करारांची किंमत सुमारे 7,600 कोटी डॉलर आहे. परदेशातली कमाईही याच सामायिक उत्पन्नात धरली जाते. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, ते याच विस्ताराचा भाग होते. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. 2017 आणि 2023 चे करार टाळेबंदीशिवाय झाले. निवृत्त खेळाडूंच्या आरोग्यविम्याचा खर्च उचलण्याचा निर्णय आजच्या खेळाडूंनी 2016 मध्ये एकमताने घेतला. एबीएच्या वृद्ध खेळाडूंसाठी मात्र 2022 उजाडावे लागले: विलीनीकरणानंतर 46 वर्षांनी सुमारे 115 जणांसाठी 2 कोटी 45 लाख डॉलर मंजूर झाले. त्यांचे कित्येक सहकारी तोवर हयात नव्हते.

महिलांच्या डब्ल्यूएनबीएत हा संघर्ष 2025 मध्येही आधीच्या टप्प्यावर होता. 2024 मध्ये सर्वांत गाजलेली नवी खेळाडू केटलिन क्लार्क हिचा पहिल्या वर्षाचा पगार 76,535 डॉलर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खेळाडूंनी चालू करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. 19 जुलै 2025 ला इंडियानापोलिसमध्ये ऑल-स्टार सामन्याच्या सरावाला दोन्ही संघांतल्या खेळाडू आपले देणे मागणारा मजकूर छापलेले काळे शर्ट घालून उतरल्या. त्यांची मुख्य मागणी होती, पगार लीगच्या उत्पन्नाशी बांधावा आणि त्यात ठरावीक वाटा मिळावा, म्हणजे पुरुष खेळाडूंना 1983 मध्येच मिळालेली गोष्ट.