ग्रामपंचायतीचे पाच टक्के

घरात दिव्यांग माणूस असेल, तर नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ वाचाच. ‘मागच्या जन्माचे भोग’ वगैरे समजुती मात्र वाचण्याआधी बाजूला ठेवा.

सेवा म्हणजे नुसती माया नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा नि माकडहाड रोज बघायचं. लाल झालेला भाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, तर जखम सुरू झाली समजा, दवाखाना गाठा.

आता हक्कांचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. थॅलेसेमियाही त्यात येतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. हिंगोली जिल्ह्यातलं औंढा असो की सेनगाव, हा खर्च झाला का ते ग्रामसभेत लेखी विचारा, पोच घ्या आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. आधार नंबर झाका. लेकराचा केविलवाणा फोटो तर अजिबात नको. हक्काला कीव कशाला?

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं, की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. हिंगोलीकरांनी कलेक्टर ऑफिसात चौकशी करावी.